तिसरं पाणी

जामसंड्याच्या कॅनिंग कारखान्यामागे
बाठ्यांचा डोंगर.
मे सरत आलेला, माश्यांचा एकच षड्ज,
आणि आंबलेल्या गराचा वास
जो एसटीतही माझ्या शेजारी बसतो, तिकीट न काढता.

मी दोन पिशव्या भरते.
सत्यवती घाडी रस काढायच्या टेबलावरून उठून येते,
कोपरापर्यंत पिवळी.
"ह्येंचा काय करतलंस गो? रुजत घालतलंस?"
तपासणार, मी म्हणते.
"रोग जडलो काय तेंका?"

कसं सांगू?
सांगते, की बाठ्याच्या आत जी कोय असते
तिच्यात असं काहीतरी असतं
जे दुसऱ्याला नासू देत नाही,
हवेनं जे खाल्लं जातं, ते वाचवतं,
स्वतः खर्ची पडून.
ती कारखान्याच्या गेटाकडे बघते.
खाऱ्या वाऱ्यानं त्याची चाळण केलीय,
बिजागरीतून भुसा गळावा तसा गंज गळतो.
"मगे त्या गेटाक लाव थोडा."

प्रयोगशाळेत मी कोय चिरते
घरून आणलेल्या विळीवर.
पातं काळं पडतं, बोटंही,
आणि तुरट चव जिभेवर बसते, मी चाखलीसुद्धा नसताना.
मग वाळवणं, दळणं, मिथेनॉलमध्ये भिजवणं.
मग ते जांभळं द्रावण,
ऐन सीझनातल्या जांभळासारखं गडद,
त्यातला प्रत्येक रेणू एका इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेला.
कोयीच्या अर्काचे चार थेंब.
बाटलीला चंदेरी कागद,
तीस मिनिटं अंधार.
मी घड्याळाकडे बघत डबा खाते.
कागद सोडवते तेव्हा
जांभळा रंग निघून गेलेला असतो,
उरतो फिकट पिवळा,
सत्यवतीच्या कोपरांसारखा.

पुढच्या खेपेला मी तिला बाटली दाखवते.
ती ती उन्हात धरते,
हलवते, वास घेते, परत देते.
मग पिंपावर टेकून, दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं सांगते:
"मी ल्हान होतंय. भात इला नाय त्या वर्सा.
आवशीन बाठे फोडल्यान, कोयी कुटल्यान.
रातभर भिजत घातल्यान.
पयला पाणी काळा, वतून टाकल्यान.
दुसरा तांबडा, ताय वतल्यान.
तिसऱ्याक तुरटपणा गेलो,
मगे भाकरी थापल्यान."
गोड लागली?
"गोड कसली! घशात अडाकली."

त्या रात्री मी माझ्या खोलीत
तिच्या आईसारखंच पीठ भिजवलं.
तीन पाणी, तीन बाटल्या.
सकाळी यंत्रापुढे बसले, पाचशे सतरावर काटा.
पहिल्या पाण्यानं जांभळा रंग पुसूनच टाकला.
दुसऱ्यानं निम्मा.
तिसरं पाणी घातलं, अर्धा तास थांबले,
आणखी अर्धा तास थांबले.
जांभळं ते जांभळंच.
वहीत आकडे लिहिताना
मला ती मोरी दिसत राहिली,
मोरीतून माडाच्या अळ्याकडे जाणारी काळी धार,
आणि ती वाट करून देणारी एक बाई
जिला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
मी जे शोधतेय तेच तिनं धुऊन टाकलं,
लेकरांना खाता यावं म्हणून.
आणि कोयीनं तरी ते साठवलं होतं
किड्यानं तोंड फिरवावं म्हणून,
आमच्यासाठी कुठे?

सीझनच्या शेवटच्या दिवशी
पहिल्या पाण्याची बाटली घेऊन गेले.
डोंगर ट्रॅक्टरनं अर्धा नेलेला.
सत्यवती पगाराच्या रांगेत होती,
माझ्या हातातलं पाणी बघून रांग सोडून आली.
फडकं बुडवलं तिनंच,
गेटाच्या खालच्या पट्टीवर घासलं,
जिथे गंज सर्वात लाल होता.
तांबूस पट्टी हळूहळू निळसर झाली,
मग काळी.
रांगेतल्या बायका मान वळवून बघत राहिल्या.
तिनं बोट लावलं, बोट बघितलं,
आणि तेच काळं बोट
पगाराच्या वहीवर
तिच्या नावापुढे टेकवलं.
"शाय घरचीच हा," ती मुकादमाला म्हणाली.